गिरिभ्रमण, पालघर–तारापूर परिसरातील

उपजीविका, व्यापार, तीर्थयात्रा किंवा युद्ध यांपैकी कोणताही हेतू न धरता केवळ आनंदासाठी, व्यायामासाठी वा जिज्ञासेपोटी डोंगरात पायी हिंडणे, यास गिरिभ्रमण म्हणतात. त्यास रात्रीच्या मुक्कामाची जोड मिळाली की त्याला शिबिराचे स्वरूप येते. पालघर जिल्ह्यात बहुतेक ठळक शिखरांवर किल्ल्यांचे अवशेष असल्याने येथील गिरिभ्रमण प्रायः दुर्गभ्रमणच असते. हौस म्हणून डोंगर चढण्याची प्रथा येथे अर्वाचीन आहे. पण ज्या वाटांनी हौशी मंडळी चढतात आणि ज्या टाक्यांचे पाणी पितात, त्या वाटा व ती टाकी कित्येक शतकांची आहेत. कोणती वाट धरावी, पाणी कोठे मिळेल, कोणत्या ऋतूत जावे आणि रात्र कोठे काढावी, ही माहिती एका पिढीने दुसरीस, सैनिकाने सैनिकास, गावकऱ्याने पांथस्थास आणि अलीकडे एका भटक्याने दुसऱ्या भटक्यास दिलेली आहे. या माहितीचा प्रवास कसा झाला व तिची आजची विश्वसनीयता किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूप्रदेश : पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा असे आठ तालुके आहेत. भ्रमणाच्या दृष्टीने त्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्टे पडतात. पहिला पट्टा किनाऱ्याचा असून केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर व डहाणू येथील किल्ले त्यात येतात. दुसरा पट्टा किनारपट्टीमागील डोंगरांचा आहे. सफाळ्याजवळील तांदुळवाडी, पालघर–मनोर रस्त्यावरील काळदुर्ग, बोईसरच्या पूर्वेचा असावा, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतचा अशेरी आणि मनोर–वाडा रस्त्यावरील कोहोज हे गिरिदुर्ग या पट्ट्यात मोडतात. सूर्या व वैतरणा या नद्यांची खोरी याच भागात आहेत. तिसरा पट्टा जव्हार–मोखाड्याच्या पठाराचा असून भूपतगड व दाभोसा धबधबा ही त्यातील परिचित स्थळे होत. डहाणू तालुक्याच्या पूर्व भागातील गंभीरगड याच बाजूस आहे.

येथील गिरिदुर्ग बहुधा ३०० ते ७०० मी. उंचीचे आहेत, अशेरी सु. ५१० मी., तर काळदुर्ग सु. ४७५ मी. उंच आहे. कळसूबाईच्या (१,६४६ मी.) तुलनेत ही उंची अल्प असल्याने हे डोंगर सोपे मानले जातात. मात्र पायथे समुद्रसपाटीच्या फारसे वर नसल्याने चढाई जवळजवळ पूर्ण उंचीची करावी लागते आणि समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते. घाटमाथ्यावरील गडांवर ज्यास श्रम पडत नाहीत, असा मनुष्यही ऑक्टोबरमधील दुपारी येथे घामाने व तहानेने थकून जातो. उंचीच्या आकड्यावरून कष्टांचा अंदाज बांधू नये, ही या प्रदेशाची पहिली शिकवण होय.

जुन्या वाटा : या डोंगरांत माणसांचा वावर तीन कारणांनी होत आला. पहिले कारण जंगलाचे. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर इ. जमाती लाकूडफाटा, गवत, मोहाची फुले, कंदमुळे व औषधी वनस्पती यांसाठी डोंगरात जात आणि आजही जातात. पाड्यांना जोडणाऱ्या त्यांच्या वाटा पाणवठ्यांच्या व खिंडींच्या अनुरोधाने पडल्या आहेत. काळदुर्गाच्या पायथ्याच्या खिंडीत वाघोबाचे स्थान आहे. वाघोबा हे वारली व अन्य आदिवासींचे दैवत असून अश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीस, त्याची पूजा होते. येथून पुढे जंगल वाघाचे आहे, ही सूचनाही अशा स्थानातून पांथस्थास मिळत असे. पट्टेरी वाघ या भागात आता राहिलेला नसला, तरी बिबट्याचा वावर आहे.

दुसरे कारण यात्रेचे. डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर पायथ्याशी असून देवीचे मूळ स्थान डोंगरावर आहे. चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत डोंगरावर रात्री ध्वज लावण्याची प्रथा आहे. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो आणि वाघाडी येथील पुजारी तो अंधारातच वर नेतो. रात्रीची चढाई ही अलीकडच्या भटक्यांची नवलाई समजली जाते. पण वाट पूर्ण ओळखीची असेल तरच ती करावी, हे तत्त्व या प्रथेत आधीपासूनच अंतर्भूत आहे.

तिसरे कारण सत्तेचे. कोकणातील बंदरे व घाटांकडे जाणारे मार्ग राखण्यासाठी येथे दुर्गांची साखळी उभी राहिली. अशेरीची उभारणी शिलाहार राजा भोज याच्याकडे परंपरेने दिली जाते. सोळाव्या शतकाच्या मध्यास हा गड पोर्तुगीजांनी घेतला. आसमंतातील सागवान जहाजबांधणीस उपयोगी असल्याने त्यांस तो महत्त्वाचा वाटे. आंतोन्यू बोकार्रू याने १६३५ मध्ये पोर्तुगीज ठाण्यांची जी सचित्र वर्णने सिद्ध केली, त्यांत या भागातील किनाऱ्यावरील कोटांबरोबर अशेरीचाही समावेश आहे. पुरंदरच्या तहान्वये (१६६५) मोगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत कोहोजचे नाव येते. १७३७–३९ या काळातील मराठ्यांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर व अशेरी ही ठाणी पोर्तुगीजांच्या हातून गेली. तारापूरच्या लढाईत (जानेवारी १७३९) बाजी भीवराव रेठरेकर हे मराठा सरदार धारातीर्थी पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली व मोहिमेची सांगता झाली.

किल्ल्यावरील शिबंदीस वर्षभर पुरेल एवढे पाणी साठविणे, हा दुर्गबांधणीतील मुख्य प्रश्न असे. तो कातळात टाकी खोदून सोडविला गेला. अशेरी, काळदुर्ग, तांदुळवाडी व कोहोज येथे अशी टाकी आहेत. असाव्यावर कातळातील खोदकामास बांधीव भिंतीची जोड देऊन पाणी अडविल्याचे दिसते. टाक्यांची वेळोवेळी सफाई केली जाई. आजच्या भटक्यास लाभणारे पाणी या व्यवस्थेचे अवशिष्ट रूप आहे. व्यवस्था राखणारी शिबंदी मात्र दोनशे वर्षांपूर्वीच गेली.

लेखी माहितीचा आरंभ : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर इंग्रजांनी ठाणे भागातील किल्ल्यांची पाहणी केली. कॅप्टन डिकिन्सन याने केलेल्या या पाहणीत प्रत्येक गडाची चढण, तट, दरवाजे व पाणी यांची नोंद करण्यात आली. गड पुन्हा लढता होऊ नये, हा त्यामागील हेतू होता; म्हणून वाटांची माहिती गोळा करण्याचे आणि त्या वाटा निकामी करण्याचे काम सोबतच चालले. महाराष्ट्रातील अनेक गडांवरील तुटलेल्या पायऱ्या हे या धोरणाचे फळ होय. अशेरीवर माथ्याजवळ कातळाचा जो अवघड टप्पा लागतो, तेथील मूळ पायऱ्याही नष्ट झालेल्या आहेत.

१८७६ मध्ये गर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तर १८८२ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यासंबंधीचे खंड निघाले. त्यांतील स्थलवर्णनात गावे व किल्ले वर्णानुक्रमे घेऊन जवळच्या रेल्वे स्थानकापासूनचे अंतर, इतिहास व तत्कालीन अवस्था दिली आहे. प्रशासकांसाठी रचलेल्या या ग्रंथाचा उपयोग पुढे हौशी प्रवाशांनी मार्गदर्शक म्हणून केला. त्यामुळे एक दोषही आला. गॅझेटिअरमधील वर्णने मराठी व इंग्रजी पुस्तकांतून वारंवार उतरविली गेली आणि १८८२ पूर्वीच्या पाण्याची व वाटांची स्थिती वाचकास चालू काळाची भासू लागली. सल्ला कोणी दिला यापेक्षा तो केव्हाच्या पाहणीवर आधारलेला आहे, हा प्रश्न या क्षेत्रात अधिक महत्त्वाचा आहे.

हौशी भ्रमणाचा उदय : यूरोपात लंडनच्या अल्पाइन क्लबच्या स्थापनेपासून (१८५७) पर्वतभ्रमणास संघटित रूप आले. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी भरविलेल्या शिबिरातून बालवीर चळवळ सुरू झाली व मैदानी शिबिराची कल्पना शाळांत पोहोचली. भारतात हिमालयन क्लब १९२८ मध्ये, तर दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात मात्र डोंगर चढण्यामागे इतिहासाची ओढ प्रथमपासून प्रबळ होती. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या लेखनाने व भ्रमंतीने अनेक तरुणांस गडांकडे वळविले. हरीश कपाडिया यांचे सह्याद्रीतील पदभ्रमणावरील इंग्रजी पुस्तक १९७७ मध्ये आले. आनंद पाळंदे यांचे डोंगरयात्रा हे मराठीतील पुस्तकही भटक्यांच्या संग्रही असते. अशा पुस्तकांनी इतिहासापेक्षा वाट, वेळ व पाणी या व्यावहारिक माहितीस अग्रस्थान दिले.

पालघर परिसरात या हौसेस दळणवळणाने चालना दिली. मुंबई–सुरत लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला आणि किनाऱ्यामागील डोंगर रेल्वेच्या टप्प्यात आले. तारापूर अणुविद्युत् केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले व त्यानंतरच्या दशकात बोईसरजवळ औद्योगिक वसाहत उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेला नोकरदार वर्ग येथे स्थायिक झाला. आठवड्याच्या सुटीस त्यास समुद्रकिनारा व असावा, काळदुर्ग यांसारखे डोंगर हाताशी होते. परंतु या डोंगरांशी त्याचे पिढीजात नाते नव्हते. वाटेची माहिती त्यास सहकाऱ्याकडून वा पुस्तकातून मिळवावी लागे. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्या मुंबईकरांस हा परिसर सुगम झाला.

सल्ल्यांची पारख : भटक्यांच्या गप्पांत ऋतू, पाणी, वाट व मुक्काम या चार विषयांवर मतभेद आढळतात. प्रत्येक मतामागे काही अनुभव असतो. तथापि येथील परिस्थितीशी ताडून पाहिल्यास त्यांतील ग्राह्य कोणते, हे ठरविता येते.

(१) ऋतू : पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, म्हणून जून ते सप्टेंबर हाच काळ उत्तम, असे अनेकांचे मत आहे. या दिवसांत वाघोबा खिंडीतील व जव्हारकडील धबधब्यांवर गर्दी लोटते. परंतु कातळ शेवाळतो, धुक्यात वाट हरवते आणि डोंगरात वर पडलेल्या पावसाने ओढे अल्पावधीत चढतात. धबधब्याखालील डोहाची खोली वरून समजत नाही व पोहता येणारेही त्यात बुडतात. सूर्या नदीच्या पात्रात धामणी धरणाच्या विसर्गाने पाणी एकाएकी वाढू शकते. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस सर्वांत अनुकूल होय. टाक्यांत पाणी असते व हवा निवळलेली असते. मार्चनंतर वाळलेल्या गवतास वणवा लागण्याचे भय असल्याने चूल पेटविणे सर्वथा टाळावे.

(२) पाणी : गडावर बारमाही पाणी आहे, हे वाक्य पुस्तकांत नेहमी आढळते. पाणी असणे आणि ते पिण्यायोग्य असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. उपसा थांबलेल्या टाक्यात पाने कुजतात, गाळ साठतो व जनावरे पडतात. खांब राखून आत खोदलेल्या, सावलीतल्या टाक्याचे पाणी उघड्या टाक्यापेक्षा बरे असते. तरी तेही गाळून व उकळून घेणे इष्ट. येथील दमट उष्म्यात माणशी किमान तीन लिटर पाणी पायथ्यापासून न्यावे आणि टाक्यास राखीव साठा मानावे. टाक्यात उतरणे, आंघोळ करणे वा साबण वापरणे हा पुढून येणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळविण्याचा प्रकार होय.

(३) वाट : मळलेली वाट धरावी, हा सर्वपरिचित सल्ला या परिसरात अपुरा आहे. सर्वाधिक मळलेली वाट पुष्कळदा गुरांची किंवा लाकूडफाट्याची असते व ती माथ्याकडे न जाता रानात विरून जाते. सोंडेवरून चढणारी वाट ओढ्यातल्या वाटेपेक्षा दिशा राखण्यास सुलभ असते. घसाऱ्यावर चढणे साधते, उतरणे कठीण जाते. म्हणून उतरण्याच्या वाटेची चौकशी चढण्यापूर्वीच करावी. भ्रमणध्वनीवरील नकाशे उपयुक्त असले, तरी दाट झाडीत व खिंडीत संपर्क तुटतो आणि एकाने चुकून चाललेली वाटही त्यांत वाट म्हणून उमटते. खोडकोना, वाघोटे, वारांगडे यांसारख्या पायथ्याच्या गावांतून वाटाड्या घेणे हा सर्वांत जुना व भरवशाचा मार्ग आहे. त्याच्या दिवसभराच्या मजुरीचा मोबदला ठरवून द्यावा. वाटेची माहिती हे त्याचे ज्ञान आहे, केवळ सौजन्य नव्हे.

(४) मुक्काम : अशेरीवर गुहेत राहता येते व पाणीही आहे, म्हणून तेथील मुक्काम लोकप्रिय आहे. या गुहेत देवीचे स्थान असून ती स्थानिकांच्या श्रद्धेची जागा आहे, याचे भान राहणे अगत्याचे आहे. गडावर उघड्यावर राहावे की पायथ्याच्या पाड्यात, या वादात पाड्याचे पारडे जड आहे. फुरसे, घोणस, मण्यार व नाग हे चारही विषारी साप या भागात आढळतात. सर्पदंश झाल्यास रात्री गडावरून रुग्णास उतरविण्यात वेळ दवडतो आणि प्रतिविष केवळ रुग्णालयातच मिळते. जमिनीवर उघडे झोपणे, अंधारात दगड उचलणे व पादत्राणे न झटकता घालणे या सवयी टाळल्यास धोका बराच कमी होतो. डहाणू–तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची मालिका नोंदली गेली. तेव्हा गंभीरगडाच्या बाजूस सुटलेल्या दगडांखाली वा पडक्या भिंतींच्या आडोशास तंबू ठोकू नये. वनक्षेत्रात मुक्काम करण्यापूर्वी वनविभागाची अनुज्ञा घेणे आवश्यक असते. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर करून आयोजकांवर नोंदणीचे व सुरक्षिततेचे दायित्व ठेवले आहे.

सद्यःस्थिती व महत्त्व : २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्य या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील व एक (जिंजी) तमिळनाडूतील आहे. पालघर जिल्ह्यातील एकही गड त्यांत नाही. या गडांना मोठ्या प्रमाणावर निधी वा पहारा लाभलेला नाही. वसई परिसरातील दुर्गमित्रांचे श्रमदान आणि पायथ्याच्या गावांची जागरूकता यांवरच टाक्यांची सफाई व वाटांची डागडुजी बव्हंशी अवलंबून आहे.

दुसरीकडे या प्रदेशाचा चेहरामोहरा झपाट्याने बदलत आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. जिल्ह्याच्या इतर भागांत मात्र औद्योगिक वसाहती, महामार्गाचे रुंदीकरण, मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग, द्रुतगती रेल्वे व मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग यांची कामे निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा बांधकामांनी पायथ्याच्या वाटा तुटतात किंवा त्यांची तोंडे बदलतात. पाड्यातील तरुण कारखान्यात कामास गेले की डोंगरात नित्य जाणाऱ्यांची संख्या घटते आणि वर्ष-दोन वर्षांत झाडोरा वाट गिळून टाकतो. पुस्तकात ती वाट छापलेली राहते. पण तिच्यावरून चालणारा हरवतो.

त्यामुळे गिरिभ्रमणाच्या माहितीचे खरे भांडार ग्रंथांत नसून डोंगराचा नित्य वापर करणाऱ्या समाजाजवळ आहे, असा निष्कर्ष निघतो. शिबंदी होती तोवर ती तिच्याजवळ होती. नंतर ती वारली, कोळी व कातकरी वस्त्यांत टिकली. या लोकांचे जंगलाशी असलेले नाते २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहे. ते नाते टिकले, तर वाटा व पाणवठे टिकतील. भटक्यांनी आपल्या फेरीची नोंद करताना तारीख, पाण्याची प्रत्यक्ष स्थिती व वाटेतील बदल लिहून ठेवले, वाटाड्याकडून कळलेली स्थळनामे त्यांच्या मूळ उच्चारासह जतन केली आणि परतताना पाहिलेली स्थिती पायथ्याच्या गावास कळविली, तर हौसेच्या या प्रवासातून पुढील पिढीच्या उपयोगाची साधने निर्माण होतील. अशी दिनांकित व प्रत्यक्षदर्शी नोंद ही या परिसराच्या इतिहासाच्या अभ्यासकासही मोलाची आहे.